कीबोर्डाखालची चौकट

आप्पांच्या फोनच्या कडेला, आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या फटीत, भस्म साचलं होतं. पांढरं, पिठासारखं बारीक. सिद्धेश्वरीनं नखानं उकरून पाहिलं, टाचणी घातली, फुंकर मारली आणि शेवटी नाद सोडला. रोज अंघोळ झाली की आप्पा डाव्या हातानं कपाळावर तीन बोटं ओढतात, उजवा हात तेव्हा मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडलेला असतो, आणि मग तीच भस्माची बोटं फोनला लागतात... लागायची म्हणजे. हल्ली त्यांची बोटं फोनकडे फारशी वळतच नाहीत. मग हे भस्म कधीचं म्हणायचं? गेल्या वर्षीचं? असेल गेल्या वर्षीचं, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून तिनं फोनला वायर लावली.

फोन तिला कामापुरता हवा होता. भवानी पेठेतल्या घराच्या माडीवर — माडी म्हणायची आपली, पत्र्याची एक खोली, मार्चमध्येच तव्यासारखी तापणारी — बसून ती दूर पुण्यातल्या एका कंपनीसाठी मोबाइलची ॲप्स करायची. सकाळी साडेनऊला युवराजचा फोन आला होता. युवराज तिचा मॅनेजर. वयानं तिच्याहून दोन वर्षांनी लहान, बोलायला मात्र आजोबा.

"ते शेतकऱ्यांच्या तक्रारींचं ॲप, मॅडम. लोक म्हणतायत, लिहायला बसलं की लिहिलेलं दिसतच नाही."

"दिसत नाही म्हणजे? मी बघितलंय की सगळं."

"कशावर बघितलंत?"

कशावर बघितलं ते दोघांनाही ठाऊक होतं.

"खऱ्या फोनवर बघा," युवराज म्हणाला. "लहानातला लहान घ्या. मराठी कीबोर्ड लावा."

या कामातल्या माणसांची एक खोड आहे. ॲप बनवताना ती खरा फोन हातात धरत नाहीत. कंप्युटरच्या पडद्यावरच एक नकली फोन उभा करतात आणि त्याच्याशी खेळत बसतात. काही टाइप करायचं झालं की समोरच्या कंप्युटरच्याच बटणांवर टकटक करायचं. नकली फोनही मोठा समंजस — तुमच्यापाशी बटणं आहेत हे बघून तो आपला कीबोर्ड वर काढतच नाही. पान मोकळं, चौकटी मोकळ्या, सगळं कसं ऐसपैस. आणि तिकडे बांधावर बसलेल्या माणसानं चौकटीला बोट लावलं रे लावलं की खालून अर्धा पडदा गिळत कीबोर्ड वर येतो, मराठीचा तर आणखी दोन बोटं उंच, आणि ज्या चौकटीत लिहायचं ती चौकटच त्याच्याखाली गडप होते. आठ वर्षांच्या नोकरीत तिनं ही चूक दुसऱ्यांच्या कामात निदान वीसदा तरी पकडली असेल. नव्या मुलांना ती दम भरायची, खऱ्या फोनवर बघितल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तर लहानातला लहान फोन म्हणजे आप्पांचाच. तो आणायला ती खाली गेली तेव्हा आप्पा पुढच्या खोलीत दिवाणावर टेकून बसले होते, नजर दाराबाहेर. आज पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी नळाला पाणी सुटलेलं, सगळी गल्ली घागरींच्या आवाजानं जागी झालेली. उशीखालचा फोन तिनं काढला तरी त्यांनी मान वळवली नाही.

"आप्पा, फोन नेते हं जरा. काम आहे."

"ने की," अव्वाच, म्हणजे आईच, बोलली, मोरीतून, बादली सरकवत. "त्येनी कुटं वापरत्यात आता."

पंधरा महिने झाले. त्या आधीचे आप्पा — तिचे वडील, शिवप्पा जॉबर — अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चौतीस वर्षं चादरींचे माग दुरुस्त करत होते, आणि घरी आले की कन्नड आणि मराठी दोन्हींत भरपूर बोलत होते. मग एका सकाळी चहाची बशी ओठाशी नेताना तोंड वाकडं झालं, बशी पडली, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय थोडा आला, हात आला नाही. वाचेच्या जागी फक्त एक 'ह' राहिला, तोही जोर केल्यावर.

दुपारी एकपर्यंत तिनं शेतकऱ्यांचं ॲप आप्पांच्या फोनवर चढवलं, चूक डोळ्यांनी पाहिली आणि निस्तरली. काही फार नव्हतं. कीबोर्ड जेवढा वर येईल तेवढं पानानं वर सरकायचं, आणि ज्या चौकटीत माणूस लिहितोय ती नेहमी त्याच्या डोळ्यांपुढे ठेवायची. तक्रारीच्या चौकटीत तिनं 'बियाणं उगवलं नाही' असं लिहिलं, अक्षर न् अक्षर दिसलं. युवराजला कळवलं, त्याचा अंगठा आला. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तिनं माडीवरच खाल्ली. बरं वाटत होतं. काम झालं की माणसाला बरं वाटतं, त्यात तिचा काही दोष नव्हता... हे ती नंतर बऱ्याचदा स्वतःला सांगणार होती, की त्या घटकेपर्यंत तरी माझा काही दोष नव्हता.

मग फोन परत द्यायचा म्हणून ती ते ॲप काढून टाकायला गेली, आणि शेजारीच तिला तिनंच केलेलं दुसरं ॲप दिसलं. निळ्या चौकोनावर पांढरं 'आप्पा'. सहज, हाताला चाळा म्हणून, तिनं ते उघडलं.

सहा चित्रं होती — पाणी, जेवण, पंखा, संडास, दुखतंय, आणि अव्वाचा फोटो. चित्राला बोट लावलं की फोन तो शब्द मोठ्यानं बोलायचा. चित्रांच्या खाली एक लांबट चौकट, तिच्यात फिकट अक्षरांत 'लिहा'. जे चित्रांत नाही ते आप्पांनी डाव्या हातानं तिथं लिहायचं, कीबोर्डावरची हिरवी खूण दाबायची, की फोन ते वाचून दाखवणार आणि वर सिद्धेश्वरीच्या फोनवरही पाठवणार. तिनं 'लिहा'वर बोट ठेवलं. कीबोर्ड वर आला. सहा चित्रं जागची हलली नाहीत, छान मोठी, ठसठशीत, जिथल्या तिथं. चौकट मात्र नव्हती.

अरे, इथंही तेच — असं तिच्या मनात आलं. आणि हे सांगायला लाज वाटते, पण दोन-तीन क्षण तिला त्याची गंमत वाटली. एक ढेकूण सापडला की दुसराही इथंच असणार असं म्हणावं आणि तो सापडावा, तशी. दोन-तीन क्षण ती नुसती ॲप बनवणारी बाई होती. तिनं एक अक्षर दाबलं. काही दिसलं नाही. पुन्हा दाबलं. बोट आपोआपच पुन्हा दाबायला गेलं, कारण अक्षर उमटलंय की नाही हे कळायला काही मार्गच नव्हता... आणि तिसऱ्यांदा दाबता दाबता तिचं बोट थांबलं, कारण तिला एकदम आठवलं की हे तिनं कुठंतरी वाचलेलं आहे.

पापापापा नी.

पत्रा तडतडला. तिनं फोन मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला, कीबोर्ड खाली घातला, पुन्हा वर आणला. चौकट आहे. चौकट नाही. चौकट आहे. तिच्या स्वतःच्या फोनवर ती असायचीच, तिचा फोन हातभर लांब. आणि आप्पांच्या फोनमध्ये 'त्यांना नीट दिसावं' म्हणून अक्षरं तिनंच मोठी करून ठेवली होती, तेवढ्यानं चित्रं वाढली, चौकट खाली गेली, नेमकी कीबोर्डाच्या तोंडात. तिला नीट समजत होतं. असं व्हायला नको होतं, समजायला वेळ लागायला हवा होता, पण आठ वर्षांची सवय — चूक कशी झाली ते तिला मिनिटाच्या आत समजलं.

हे घडवणारी, प्रोग्रॅममधली ओळही सापडली. कंप्युटरवर जुनं काम उघडलं तर पहिल्याच पानावर होती. कीबोर्ड आला तरी पान हलू देऊ नये, एवढाच तिचा अर्थ. शेजारी तारीख होती, तिचं नाव होतं. आणि का लिहिली तेही आठवलं, अगदी लख्ख. तिच्या फोनवर कीबोर्ड आला की चित्रं आक्रसायची, ओबडधोबड दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बैठकीत ती हे सगळ्यांना दाखवणार होती. युवराजनंच सुचवलं होतं, घरच्या माणसासाठी केलेलं काम, सांगा सगळ्यांना. तिनं सांगितलं. आयत्या वेळी मात्र नकली फोनवरच, कंप्युटरच्या बटणांनी, 'मला अंगणात बसायचंय' असं टाइप करून दाखवलं. फोन गोड आवाजात बोलला, मला अंगणात बसायचंय. टाळ्या झाल्या. पडद्यावरच्या एकवीस चौकोनांतली माणसं टाळ्या वाजवत होती आणि एका मुलीनं डोळेही पुसले होते. कुठलं अंगण? भवानी पेठेत कुणाला अंगण आहे? दाराबाहेर गटार आणि तिच्यावर फरशी. पण वाक्य चांगलं वाटलं होतं.

तिनं स्वतःच्या फोनवर आप्पांचे जुने संदेश उघडले. गेल्या वर्षीचा जानेवारी, फेब्रुवारी. पापापापा नी. मममम. ककक ळ त. बबबा. मधेच कुठंतरी एक धड शब्द, मग पुन्हा तसंच. दिवसाला वीस-वीस संदेश. मग दहा. मग दोन. एप्रिलनंतर नुसती चित्रं.

हे संदेश तिनं वैजयंतीताईंना नेऊन दाखवले होते. गेलेली वाचा परत आणायला मदत करणाऱ्या बाई. दर आठवड्याला त्यांच्या खोलीवर आप्पांना रिक्षानं न्यायची. डाव्या हातात पेन धरवत नव्हतं, नुसत्या रेघोट्या, तेव्हा ताईच म्हणाल्या, घरी फोनवर लिहितात ना, ते आणा. त्यावरून कळेल, नुसतं तोंड चालत नाहीये की आतले शब्दच गेलेत. आतले शब्द असतील तर आपण त्यांना लिहून बोलायला शिकवू. तिनं सात आठवड्यांचे संदेश छापून नेले होते, कागदाला क्लिपा लावून, तारीखवार. ताईंनी चष्मा वर करून बराच वेळ वाचले. हे बघा, म्हणाल्या, एकच अक्षर धरून बसतात ना, सुटत नाही त्यांना. मेंदूला असा मार बसला की हे होतं. वाईट वाटतं, पण लिहिण्यावर आता जोर नको देऊया, त्यांना त्रास होईल. चित्रांवर भागवू. पहिले सहा महिने काय यायचं ते येतं, पुढं फार नाही.

आणि सिद्धेश्वरीनं मान हलवली. रिक्षात तिनं आप्पांचा हात धरला, त्यांना सांगितलं, आता लिहायचं नाही हं, त्रास नाही करून घ्यायचा. लहान मुलाला सांगावं तसं. आप्पा तिच्याकडे बघत राहिले होते आणि रिक्षावाल्यानं गाणं लावलं होतं.

आतले शब्द गेलेत. मग ते होते का? त्या सात आठवड्यांत ते होते का? होते, आणि हा माणूस न दिसणाऱ्या भोकात हात घालून एकेक शब्द टाकत होता, आणि मी त्याचे कागद करून क्लिपा लावून... की नव्हतेच मुळी, आणि चौकट दिसली असती तरी त्यांनी पापापापाच लिहिलं असतं? ताईंनी गाईचं चित्र दाखवलं तेव्हा त्यांना बोट ठेवून 'गाय' हा शब्दसुद्धा निवडता आला नव्हता, ते काय कीबोर्डानं झालं? तेव्हा त्यांनी चित्रांचा गठ्ठाच बाजूला सारला होता. रागानं सारला होता की जमेना म्हणून? चौतीस वर्षं जॉबर असलेल्या माणसापुढे कुणी गाईचं चित्र धरून हे काय म्हणून विचारलं तर तो काय करेल?

आणि त्यांनी सांगितलं कसं नाही? पण कसं सांगायचं, वाचा कुठं होती. शिवाय मागाचं काम ते असंच करायचे. लहानपणी ती डबा घेऊन जायची तेव्हा आप्पांचे नुसते पाय दिसायचे. बाकीचे आप्पा मागाखाली आडवे, वर चादर विणली जातेय, आणि ते न बघता, हात वर घालून, बोटांनी चाचपून नट आवळतायत. डोळ्यांचं काय काम, ते म्हणायचे, बोटाला समजतं की. त्यांना वाटलं असेल हे यंत्रही तसंच असणार. पोरीनं केलंय म्हणजे बरोबरच असणार. मग ते मुकाट्यानं चाचपत बसले, आणि हिरवी खूण दाबली की फोन त्या गोड आवाजात त्यांच्या तोंडावर बोलायचा — पा पा पा पा नी.

हे तिच्या मनात आतापर्यंत आलंच नव्हतं. ते ऐकत होते. दिवसातून वीस वेळा ते स्वतःचं लिहिलेलं ऐकत होते. आपण पाणी लिहिलं आणि फोन हे बोलतो, म्हणजे आपलंच डोकं गेलं... असंच त्यांनी समजून घेतलं असेल. यंत्राला नावं ठेवणारा तो माणूस नव्हता; माग बिघडला तर जॉबर चुकला असं म्हणणारा होता. म्हणून वीसाचे दहा झाले, दहाचे दोन झाले.

खालून अव्वाची हाक आली, "काय करायलीस गं वर? चा झालाय."

मग अव्वाच जिना चढून आली, धापा टाकत, कप घेऊन. अव्वाला, म्हणजे गिरिजाबाईंना, लिहिता-वाचता येत नाही. फोनवर त्या फक्त हिरवं आणि लाल ओळखतात. मुलीचं तोंड बघून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "एन आतु?" काय झालं?

"काही नाही गं. काम."

"तोंड का असं?"

"अव्वा, आप्पा लिहायचे तेव्हा... तू शेजारी बसायचीस ना? काही खुणवायचे का तुला?"

अव्वानं कप ठेवला. "मला काय कळतंय त्यातलं. लई चिडायचे मात्र. फोन असा असा आपटायचे गादीवर." तिनं थोडा विचार केला. "हात असा करायचे की. तुलाबी केला हुता एकदा."

अव्वानं हात पुढे धरला, पालथा नव्हे, उताणा, आणि दोनदा वर उचलला. सिद्धेश्वरीला तो हात दिसला — अव्वाचा नव्हे, आप्पांचा. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथं सगळं बोलणं हातांनी. आणि तळहात उताणा करून वर उचलला की त्याचा अर्थ, वर घे. हे तिला वयाच्या पाचव्या वर्षापासून माहीत होतं. आप्पांनी एका हातात फोन... नाही, हात एकच होता, फोन त्यांनी छातीवर ठेवला होता, आणि त्याच हातानं तिला खुणावलं होतं, वर घे, वर घे. आणि ती म्हणाली होती, हो आप्पा, घेते की. आणि त्यांच्या पाठीशी आणखी एक उशी लावली होती. नीट फुगवून लावली होती. आप्पा त्या उशीला टेकले होते. त्यानंतर त्यांनी तसा हात केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"त्येंचं हे असंच चालायचं," अव्वा म्हणाली. "तू नगं जिवाला लावून घेऊ. तू केलंस तेवढं कोण करतंय? लेकरानं बापासाठी यंत्र केलं म्हणून गावाकडं मैंदर्गीत समदी सांगत्यात."

आता सांगावं. आत्ता सांगावं, अव्वा, माझ्या यंत्रानं... पण ती ओळ, ते पान, तो नकली फोन, हे सगळं अव्वाला कसं सांगायचं? आणि सांगितलं तर ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही. असू दे, म्हणेल. त्या 'असू दे'ची भीती वाटून ती चहा प्यायली.

अव्वा खाली गेल्यावर तिनं वैजयंतीताईंना फोन लावला. नमस्कार-चमत्कार झाले. मग म्हणाली, "ताई, समजा एखाद्याला आपण लिहिलेलं दिसतच नसेल, तर तो एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहील का?"

"दिसत नसेल म्हणजे? नजरेचा दोष?"

"नाही... समजा, झाकलं गेलं असेल."

बाई हुशार होत्या. "लिहील की," त्या हळू म्हणाल्या. "मीसुद्धा लिहीन. पण सिद्धेश्वरी, त्यांना चित्रांची नावंही निवडता आली नव्हती, आठवतंय ना? नुसत्या त्या कागदांवर मी ठरवलं नव्हतं." मग त्याच म्हणाल्या, "बहुतेक त्यांच्यावरच ठरवलं, हे खरं. आता पंधरा महिने झाले. तपासलं तरी तेव्हाचं आत्ता कळणार नाही. कुणालाच नाही."

"करून बघायला..."

"बघ की. पण आशा नको लावूस. त्यांनाही, तुलाही."

ओळ काढायला एक क्षण लागला. नवीन ॲप आप्पांच्या फोनवर चढायला दोन मिनिटं. 'लिहा'वर बोट ठेवलं. कीबोर्ड वर आला, चित्रं आक्रसली, खरंच थोडी ओबडधोबड झाली, आणि चौकट कीबोर्डाच्या डोक्यावर येऊन बसली, पांढरी, रिकामी. दोन मिनिटं. ती बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसली. खाली जायचं धैर्य होईना. खाली जाऊन त्यांच्या हातात हे दिलं, आणि त्यांनी लिहिलं — सरळ, स्वच्छ, 'मला इतके दिवस दिसत नव्हतं' असं लिहिलं — तर वर्षभर मी एका धडधाकट मनाच्या माणसाला मुका करून दिवाणावर बसवलं. मी. आजारानं निम्मा केला असेल, उरलेला मी केला. आणि नाही लिहिलं तर? तर ते खरंच गेलेले आहेत, गेल्या वर्षीच गेलेले आहेत, आणि... आणि या 'आणि'च्या पुढे तिनं विचार जाऊ दिला नाही.

उन्हं कलली तेव्हा ती खाली उतरली. नळ गेला होता, घागरी ओळीनं भरून ठेवल्या होत्या. अव्वा शेजारी मल्लव्वाकडे गेली होती. आप्पा सकाळच्याच जागी, सकाळच्याच दिशेनं बघत होते.

"आप्पा," ती दिवाणाच्या कडेला बसली. "हे बघा. मी नीट केलंय. आधी... आधी बिघडलेलं होतं. माझ्याकडून. तुमचं काही चुकत नव्हतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ऐकलं की नाही, समजलं की नाही, त्या तोंडावरून काही कळत नसे. तोंडाची अर्धी बाजू काही सांगतच नाही आणि उरलेली अर्धी वर्षभरात सांगायचं विसरली होती. तिनं फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि चौकटीला आपणच बोट लावलं. कीबोर्ड वर आला, चौकटही आली.

आप्पांनी बघितलं. बराच वेळ नुसतं बघितलं. मग डाव्या हाताचं पहिलं बोट त्यांनी उचललं. ते थरथरत होतं, पण ते पूर्वीही थरथरायचं. बोट कीबोर्डावर फिरलं, एका ठिकाणी थांबलं, टेकलं.

स.

स. सिद्धी? सोड? संडास? बोट पुन्हा टेकलं. त्याच जागी. पुन्हा त्याच जागी. पुन्हा.

सससस.

चौकट समोर होती. उघडी, स्वच्छ, अक्षरं ढळढळीत दिसत होती. कशानं काही झाकलेलं नव्हतं. आणि तरी...

आणि तिला हायसं वाटलं. छातीवरचं कुणीतरी हळूच उचलून बाजूला ठेवावं तसं, अंगभर, पायाच्या बोटांपर्यंत हायसं वाटलं. म्हणजे आजारच होता. म्हणजे ताई बरोबर होत्या. म्हणजे मी नाही, मी नाही, मी काहीच केलेलं नाही. तिला रडू आलं आणि ते रडू सुखाचं आहे हे तिचं तिला कळत होतं. तिनं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे आप्पा," ती म्हणाली. "असू दे. राहू दे आता."

आप्पांनी खांदा झटकला नाही. त्यांनी फक्त बोट उचललं आणि कीबोर्डाच्या उजव्या कडेला नेलं, खोडायच्या बटणावर. एक स गेला. ते थांबले, चौकटीकडे बघितलं. दुसरा गेला. पुन्हा चौकटीकडे बघितलं. तिसरा गेला.

एक स राहिला.

मग त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. ती नजर कसली होती हे तिला सांगता आलं नसतं. विचारणारी होती का, हेच का तू म्हणत होतीस म्हणून? की तिच्या तोंडावर मघाशी जे पसरलं होतं ते त्यांनी पाहिलं होतं? दिसलं असणारच. ती एका हाताच्या अंतरावर होती आणि त्यांचे डोळे चांगले होते. तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला. तो कुठं ठेवावा हे तिला कळेना.

आप्पांनी पुन्हा मान खाली घातली. बोट अक्षरांवरून फिरू लागलं, सावकाश, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, खाली, पुन्हा वर, कुठंच न टेकता. शोधत होतं की नुसतं फिरत होतं? बाहेर कुणीतरी रिकामी घागर फरशीवर आदळली. सिद्धेश्वरी त्या बोटाकडे बघत राहिली. पुढचं अक्षर यावं की येऊ नये, आपल्याला नक्की काय हवंय, हे तिनं मनाला विचारून पाहिलं, आणि जे उत्तर आलं ते ऐकून ती तशीच बसून राहिली.